नाव माफी

अजमानला, राशिदियाच्या मागच्या गल्लीत
उम्म सुहैलच्या कुंपणाला भोक पाडायला गेलो होतो.
जुलैत, सकाळी सहाला,
कारण आठनंतर ड्रिल हातात धरवत नाही.

थंड पाण्याची टाकी आत, तिच्या अंगणात.
वीज तिची, फिल्टर तिचा, बिल तिचं.
नळ तेवढा बाहेर हवा होता, रस्त्याकडे तोंड करून.
'म्हणजे कुणाला बेल वाजवायला नको,' म्हणाली,
तिच्या त्या हिंदीत, जी तिला ड्रायव्हरांनी शिकवली.

मध्येच मुलाचा फोन.
सुहैल म्हणजे आपला अगस्ती. तो तारा दिसला
की इथली आग उतरते म्हणतात.
या सुहैलला नळावर कॅमेरा हवा होता.
लोक पेला पळवतात, कॅन भरून नेतात, पाय धुतात.
मी कॅमेराही बसवला, पैसे घेतलेले होते.
म्हातारी स्टुलावर चढली
आणि त्याच्यावर उशीचा अभ्रा चढवला.
'बसवला ना? मग बसवला असं सांग त्याला.'

जाता जाता सवयीने विचारलं, पाटी?
आमच्याकडे पाणपोईला संगमरवर लागतो.
कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ,
खाली मुलगे, सुना, नातवंडं, आडनावांसकट,
आणि रांजण बऱ्याचदा कोरडा.
ती म्हणाली, 'नाम माफी.'

माफी म्हणजे नाही. इथे उतरल्यावर शिकलेला पहिला शब्द.
पगार माफी, सुट्टी माफी, व्हिसा माफी.
एकोणीस वर्षं मी तो तोंडावर बंद होणाऱ्या
दारासारखा ऐकलाय.
त्या सकाळी केसांतली भुकटी झटकताना
पहिल्यांदा मराठीत ऐकू आला.

सातवीत, माखजनच्या शाळेत, मला फी माफ होती.
नादारी म्हणायचे.
खातू गुरुजी वाईट नव्हते हो. साहेब तपासणीला आले
की एवढंच म्हणायचे, नादारीची मुलं उभी राहा.
आम्ही सहा जण उभे, मोजून होईपर्यंत.
फी किती होती आठवत नाही.
उभं राहणं आठवतं, आणि बाकावर
कुणीतरी कर्कटकाने कोरलेली होडी,
जिच्याकडे मी तेवढा वेळ बघत असे.

दुपारी, कामबंदीच्या वेळेत, परत गेलो.
वॉशर गळतो का बघायला.
एक डिलिव्हरीवाला आला. हेल्मेट न काढता,
नुसती काच वर करून प्याला,
मानेवर ओंजळभर ओतलं,
घराकडे वळूनही न बघता निघून गेला.
आभार घ्यायला तिथे होतं कोण? भिंत.
भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर गुरगुरला.
तिला तेवढंच कळत असणार,
कुणीतरी प्यालं.

आता माझं सांगतो.
माझ्या खोलीत खालच्या बंकवर एक जण आहे.
बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी मी त्याला चारशे दिरहम दिले.
तेव्हापासून रात्रीचा चहा तो करतो.
मी कर म्हटलं नव्हतं.
नको असंही म्हटलं नाही.
आणि पहिला घोट घेताना मला बरं वाटतं,
चहाने वाटावं त्याहून जरा जास्त.

त्या रात्री मी आधी उठलो, पातेलं ठेवलं.
तो बावरून उभाच राहिला.
'भाई, माझं काही चुकलं का?'
साखर जास्त पडली माझ्याकडून.

पैशांचं अजून बोललेलो नाही.
चारशे म्हणजे चारशे.
पण त्याचं नाव वर कुठे लिहिलेलं नाही.
तेवढं जमलं.